एकशे बारा नंबरचं टोकन

१

माझ्या आजीचं टोकन चुंबकाला चिकटलं, तेव्हा सभागृह माणसांनी भरलेलं होतं आणि त्यांतलं एकही माणूस माझ्या मावशीकडे बघत नव्हतं. सगळे चुंबकाकडे बघत होते.

"पितळ चुंबकाला चिकटत नाही, हे इथे कुणाला सांगायला नको," डॉक्टर म्हणाले. डॉक्टर म्हणजे आमच्या पदक-टोकन संग्राहक मंडळाचे अध्यक्ष. गृहस्थांनी आयुष्यभर लोकांचे दात काढले आणि निवृत्त झाल्यापासून लोकांच्या चुका काढतात. प्रत्येक प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी ते 'खरं-खोटं कसं ओळखावं' याचं प्रात्यक्षिक देतात. या वेळी त्यांनी पेटी उघडून नेमकं आमचं टोकन उचललं होतं.

"हे लोखंड आहे. वर पितळेचा मुलामा दिलाय. आणि हे बघा." त्यांनी पुस्तकाचं पान उलटावं तसं ते टोकन बाजूने उलटवलं. "पुढची पळी सरळ, पण मागचा आकडा डोक्यावर उभा. खऱ्यात दोन्ही बाजू सरळ येतात. बनवणाऱ्याला तेवढीही अक्कल नव्हती. तर मंडळी, टाळेबंदीतल्या खानावळीचं म्हणून जे टोकन आपल्याला दाखवलं गेलं, ते हे असं आहे. खानावळही अशीच असणार, असं मला नाइलाजानं म्हणावं लागतंय."

आता हे टोकन काय होतं ते सांगते. आमच्या गावात काचेचा कारखाना आहे. आजीच्या तरुणपणी मालकांनी फाटकाला कुलूप ठोकलं आणि अख्ख्या हिवाळ्यात भट्टी विझून पडली. तेव्हा कामगारांच्या बायकांनी एका शेडमध्ये चूल मांडली. एका फिटरनं पितळेच्या भंगारातून गोल चकत्या कापून प्रत्येक जेवणाऱ्याला एकेक टोकन करून दिलं. एका बाजूला पळी आणि तिच्याभोवती शब्द: 'भट्टी बंद, चूल चालू'. दुसऱ्या बाजूला ज्याचा त्याचा आकडा. आजी तिथे खिडकीत वाढायला असायची. पुढे फाटक उघडलं, टोकनं हरवली, वितळली, मुलांनी खेळून टाकली. उरलं ते आजीचं एकटं, एकशे बारा नंबरचं. दुसरा नग कुठल्याही संग्रहात नाही.

आणि येत्या रविवारी त्याच सभागृहात कारखाना आपलं शताब्दीचं पदक काढणार होता. पदकावर भट्टीच्या ज्वाळा आणि खाली अक्षरं: 'शंभर वर्षे अखंड'. एका पेटीत 'अखंड' आणि शेजारच्या पेटीत 'भट्टी बंद'. म्हणूनच तर मावशीनं टोकन प्रदर्शनाला दिलं होतं. ती काही भोळी नाही.

मावशी उभी राहिली. रेल्वेत तिनं अख्खा जन्म तिकीट तपासनीस म्हणून काढला, त्यामुळे मंडळात तिला चेकरबाई म्हणतात. खोटं बोलणारा माणूस समोर आला की तिची मान जराशी तिरकी होते. तेव्हा ती झाली होती.

"डॉक्टर, हे टोकन खोटं आहे, मला मान्य आहे," ती म्हणाली. "पण मी ठेवलं ते हे नव्हे."

कुणीतरी हसलं.

"हसा. रविवारी पदक बाहेर यायच्या आधी माझ्या आईचं टोकन या पेटीत परत येईल. आणि ज्यानं नेलंय, तोच ते स्वतःच्या हातानं काढून देईल."

२

"असं कसं बोललीस भर सभेत?" घरी आल्यावर मी तिला म्हटलं. "उचलली जीभ लावली टाळ्याला! कुठून आणणार आहेस रविवारपर्यंत?"

"तू चहा कर," मावशी म्हणाली.

मला स्वतःचीही काळजी होतीच. माझा फोटो स्टुडिओ आहे. प्रदर्शनाच्या कॅटलॉगसाठी टोकनाचे दोन्ही बाजूंचे फोटो मीच काढले होते, मावशीच्या याच टेबलावर. दोन्ही बाजू छान सरळ लावून, शेजारी-शेजारी. मंडळात कुजबुज सुरू झाली होती, की भाचीनं फोटो काढता काढता अदलाबदल केली असणार.

"पेटीत मी ठेवलं ते खरंच होतं," मावशी म्हणाली. "पळीची बाजू वर ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली मंडळाच्या कचेरीत खिळ्याला अडकवली. तिथे कमिटीतला कुणीही जातो. म्हणजे किल्लीवरून काही कळणार नाही. दुसरं विचार. चोराला टोकन हवं असतं, तर तो नुसतं घेऊन गेला असता. बदली खोटं टोकन ठेवायची उठाठेव कशाला?"

"चोरी लवकर कळू नये म्हणून."

"मग खोटं चांगलं करायचं. हे तर शाळेतल्या पोराच्या चुंबकाला चिकटतं! म्हणजे पकडलं जावं म्हणूनच केलंय. अगं, टोकन चोरीला गेलं असतं, तर गवगवा झाला असता. वर्तमानपत्रात आलं असतं, भट्टी कधी विझली होती ते चार लोकांनी विचारलं असतं. पण टोकन खोटं निघालं, की मी खोटी, आई खोटी आणि तो हिवाळाही खोटा. सुंठेवाचून खोकला गेला."

मला संताप आला. आजी गेली तेव्हा तिच्या उशाखाली ते टोकन होतं. चोरापेक्षाही मला राग आला तो हसणाऱ्या त्या माणसाचा.

"कोण असेल?"

"तिघांना विचारायचंय. एकाला ते विकत हवं होतं. एकाला असली वस्तू बनवता येते. आणि एकानं ते सगळ्यांसमोर खोटं ठरवलं." मावशीनं बशी उचलली आणि चहा संपवला. "चल. आधी भंगारशेठ."

३

भंगारशेठ जुन्या वस्तूंचा व्यापारी. स्वतःच्या दुकानाला तो 'पुराण वस्तू भांडार' म्हणतो, बाकीचं गाव त्याला भंगारशेठ म्हणतं आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. टोकन मागायला तो आमच्या घरी इतक्या वेळा आला होता, की आमचा कुत्राही त्याच्यावर भुंकायचा थांबला होता.

"मी चोरलं म्हणता?" तो म्हणाला. "चेकरबाई, अहो डोकं चालवा. जगात एकच नग. मी तो विकणार कुणाला? ज्याला दाखवीन तो म्हणेल, हे तर चेकरबाईंचं. चोरायचंच असतं तर ज्याचे दहा-वीस नग आहेत असं काहीतरी चोरलं असतं."

"विकायला नाही, ठेवायला."

"मी ठेवत नाही काही. माझ्या घरात बायको सोडून सगळं विक्रीला आहे." मग जरा आवाज उतरवून म्हणाला, "ती बिचारी ऐकत नाही ना आत? आणि खरं सांगू का, खोटं ठरल्याचं मला वाईट वाटलं. माझा आजा त्याच भट्टीवर होता."

मावशीनं काउंटरवरच्या ट्रेमधलं एक टोकन उचललं. कुठल्याशा जुन्या बेकरीचं होतं. तिनं ते पानासारखं उलटवलं. मागची अक्षरं डोक्यावर उभी.

"हे असंच असतं?" तिनं विचारलं, जणू तिला माहीतच नाही.

"सगळीच अशी. बेकरीचं घ्या, ट्रामचं घ्या. वरून खाली उलटवलं, तरच मागची बाजू सरळ येते. बाजूनं वळवलं की अक्षरं शीर्षासन करणार. पदकाचं उलट. पदक पानासारखं उलटायचं, तरी सरळच. हे तर डॉक्टरांनी नवख्यांच्या वर्गात आम्हाला घोकून घेतलंय: 'टोकन उलटं, पदक सुलटं.'"

मावशीनं बेकरीचं टोकन ट्रेमध्ये अगदी हळू परत ठेवलं. तिची मान तिरकी झाली होती. पण भंगारशेठ काही खोटं बोलला नव्हता, म्हणून मला काही उमगेना.

४

साचेवाल्याचं कामाचं ठिकाण म्हणजे तेलाचा वास, एक जुनं दाब-यंत्र आणि खिडकीखाली कोरणी मांडलेलं टेबल. कारखान्याच्या शताब्दी पदकाचा साचा त्यानंच कोरला होता. मावशीनं खोटं टोकन त्याच्यासमोर ठेवलं. त्यानं भिंग डोळ्याला लावलं आणि लगेच काढलं.

"माझंच काम आहे," तो म्हणाला.

इतक्या सरळ कबुलीची आम्हाला सवय नव्हती.

"तुम्ही केलंत?"

"केलं म्हणजे? मंडळाच्या कचेरीतून पदकाचं सामान आलं, त्यातच कॅटलॉगचं कापलेलं पान होतं. 'भेटवस्तूसाठी नमुना हवा, लोखंडावर पितळी मुलामा चालेल,' असा निरोप. मी केलं, पुडीत घातलं आणि कचेरीच्या टपालपेटीत टाकलं. सही नव्हती, नाव नव्हतं. मंडळाचं काम असंच येतं." मग त्याच्या लक्षात आलं. "म्हणजे परवा चुंबकाला चिकटलं ते हेच? बाई, मी त्या दिवशी नव्हतो हो तिथे. साचा माझा आहे, पण लबाडी माझी नाही. कुठेही येऊन सांगायला तयार आहे. कारखाना माझं काम बंद करेल? करू दे!"

"रविवारी या," मावशी म्हणाली. "एकच विचारते. आकडा डोक्यावर का केलात?"

"पानावर दोन फोटो होते, शेजारी-शेजारी, दोन्ही सरळ. एकमेकांच्या पाठीला ते कसे बसतात, हे फोटोत कुठे कळतं? वस्तू हातात घेऊन उलटवल्याशिवाय कळत नाही. म्हटलं, टोकन आहे, तर टोकनासारखं करावं. चुकलं का?"

"नाही. तुम्ही बरोबर केलंत." मावशी एकदम उठली. "चुकला तो दुसराच."

तिथून आम्ही डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांच्या बैठकीत भिंतभर उथळ खणांची कपाटं आहेत. प्रत्येक खणात मखमल, मखमलीवर पदकं आणि प्रत्येक पदकाखाली त्यांच्या सुबक अक्षरातलं लेबल. शताब्दीच्या पदकाचा डबाही तिथे होता. आत झाकणावर छापलेलं: 'संकल्पना व मार्गदर्शन' आणि पुढे डॉक्टरांचं नाव. त्या नावाकडे ते अधूनमधून प्रेमानं बघत होते.

"चेकरबाई, मला तुमच्याबद्दल आदरच आहे," ते म्हणाले. "रविवारी एक वाक्य बोला. 'नजरचुकीनं अस्सल नसलेली वस्तू प्रदर्शनात आली.' बस्स. कारखान्याची माणसं येणार आहेत, उगाच वाद नको. मंडळाला त्यांनी नवं सभागृह द्यायचं कबूल केलंय."

"तुम्ही ते टोकन याआधी हातात घेतलं होतं?"

"छे! तुमची वस्तू. तुम्हीच ठेवलीत, तुम्हीच कुलूप लावलंत. काचेतून पाहिली आणि कॅटलॉगात पाहिली, तेवढीच. हात लावला तो चुंबक लावताना, सगळ्यांसमोर."

"नक्की?"

"शपथेवर सांगतो."

मावशी हसली. ती अशी हसली, की मला तिच्या रेल्वेतल्या दिवसांची गोष्ट आठवली. बिनतिकीट माणूस खिसे चाचपायला लागला, की ती म्हणे असंच हसून वाट बघायची.

"एक वाक्य ना? बोलेन," ती म्हणाली. "पण डॉक्टर, माझी आई नजरचूक नव्हती. ते वाक्य दुसरं असेल."

५

रविवारी सकाळी सभागृहात हार-बीर लागले होते. पहिल्या रांगेत कारखान्याचे व्यवस्थापक बसले होते, मांडीवर पदकाचा मखमली डबा घेऊन. मागे मंडळाची माणसं, साचेवाला, भंगारशेठ. मी कॅमेरा घेऊन बाजूला उभी होते.

"अध्यक्षांनी मला एक वाक्य बोलायला सांगितलंय," मावशी म्हणाली. "त्याआधी त्यांचंच एक वाक्य आठवूया. त्या दिवशी ते म्हणाले, 'खऱ्यात दोन्ही बाजू सरळ येतात.' आठवतंय ना?"

आठवत होतं. माना हलल्या.

"भंगारशेठ, टोकन पानासारखं उलटवलं तर मागची बाजू कशी येते?"

"डोक्यावर," भंगारशेठ म्हणाला. "टोकन उलटं, पदक सुलटं. डॉक्टरांचाच धडा."

"साचेवाले, तुम्ही फोटोवरून नमुना केलात तो कसा?"

"उलटाच. टोकन म्हणून," साचेवाला उभा राहून म्हणाला आणि नमुन्याचा निरोप मंडळाच्या कचेरीतून आला होता, हेही त्यानं ठणकावून सांगितलं. व्यवस्थापक त्याच्याकडे वळून बघायला लागले, तरी तो बसला नाही.

"म्हणजे डॉक्टरांच्या शिकवणीप्रमाणे उलटा आकडा ही अस्सलपणाची खूण," मावशी म्हणाली. "आणि डॉक्टरांनी तीच आपल्याला खोटेपणाची खूण म्हणून दाखवली! का? आईचं टोकन खरोखरच वेगळं होतं. दोन्ही बाजू सरळ. पण हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. जगात दुसरा नग नाही. पेटीत पळीची बाजू वर होती. कॅटलॉगात दोन वेगळे फोटो होते. माझ्या भाचीनं फोटो काढले, तिच्यासुद्धा लक्षात आलं नाही, कारण तिनं दर वेळी हातानं सरळ करून घेतलं. हे कळायला एकच मार्ग आहे. खरं टोकन हातात घेऊन उलटवणं. डॉक्टर, तुम्ही तर शपथेवर सांगितलंत, की हात लावला नाही."

डॉक्टरांचा चेहरा पडला, पण जीभ शाबूत होती. "तर्क केला मी. चांगल्या कारागिराचं काम... पदकासारखं असू शकतं."

"अदलाबदल केल्यावर तुम्ही ते उलटवून बघितलंत. संग्राहक ना, राहवेल कसं? बघितलंत आणि घाबरलात, की खोट्यातला हा फरक माझ्या लक्षात येणार. म्हणून मी बोलायच्या आधीच तुम्ही तोच फरक पुरावा म्हणून पुढे केलात. चुंबक पुरेसा होता, डॉक्टर. अति शहाणा त्याचा बैल रिकामा."

"हे सगळं हवेतलं आहे," डॉक्टर म्हणाले. "टोकन कुठेय? दाखवा."

"आता ते कुठलं मिळायला," मावशी एकदम थकल्यासारखी म्हणाली. "पुरावा कोण ठेवतो? तुम्ही ते केव्हाच वितळवून टाकलं असणार."

"वितळवून?" डॉक्टर जवळजवळ ओरडले. "डोकं फिरलंय का माझं? जगातला एकमेव नग—"

आणि ते थांबले.

मग त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. एकमेव नग घरी ठेवून बाहेर पडणं त्यांना जमलंच नव्हतं. मऊ कागदाची छोटी पुडी निघाली. तिच्यावर त्यांच्या सुबक अक्षरात लेबलसुद्धा होतं: वजन, व्यास, धातू आणि 'अत्यंत दुर्मिळ'. पुडी मावशीच्या हातात देताना त्यांचे डोळे तिच्यावरच खिळले होते. मला त्यांची कीव आली नाही. ज्याला वस्तूची एवढी किंमत कळते, त्याला ती वापरणाऱ्या माणसांची कळू नये, याची चीडच आली.

"हा तुमचा मंडळाचा अंतर्गत मामला दिसतोय," व्यवस्थापक घड्याळ बघत म्हणाले. "आपण पदकाकडे वळूया का?"

"वळूया की," मावशी म्हणाली आणि थेट त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिनं टोकन दोन बोटांत धरून त्यांच्या डोळ्यांपुढे उभं केलं, जसं गाडीत पास दाखवतात तसं. "तुमच्या बाजूला काय दिसतंय? वाचा."

"बाई, कार्यक्रम..."

"वाचा."

"एकशे बारा," ते म्हणाले.

"सरळ दिसतंय ना? मलाही माझी बाजू सरळच दिसतेय. म्हणून ते असं केलं होतं. ते टोकन द्यायचं नव्हतं, दाखवायचं होतं. खिडकीच्या आत वाढणारी, बाहेर जेवणारा. वाढणारीला आकडा दिसायचा आणि जेवणाऱ्याला शब्द. रोज ताटाआधी तो ते शब्द वाचायचा, म्हणजे आपण भीक मागायला आलेलो नाही, हे त्याच्या ध्यानात राहायचं." मावशीनं टोकन तसंच धरून ठेवलं. "एकशे बारा हा शेवटचा आकडा. माझ्या आईचा. वाढणारी शेवटी जेवते. तिच्या आधी एकशे अकरा माणसं त्या खिडकीतून जेवून गेली. तुमची भट्टी अखंड होती, तर एवढी माणसं आमच्या चुलीपाशी काय करत होती?"

व्यवस्थापकांनी मांडीवरच्या डब्याचं झाकण उघडलं आणि पुन्हा बंद केलं. मी फोटो काढला. या वेळी दोन्ही बाजू एकदम येईनात, म्हणून मी मावशीच्या मागे जाऊन तिची बाजू घेतली आणि फ्लॅशच्या उजेडात ते शब्द लख्ख दिसले.

"तुम्हाला माझी बाजू दिसत नाही," मावशी व्यवस्थापकांना म्हणाली, "म्हणून मीच वाचते." आणि तिनं गाडी सुटताना फलाटावर ओरडायची त्या आवाजात वाचलं, "भट्टी बंद, चूल चालू."

"मागे ऐकू आलं नाही!" शेवटच्या रांगेतून भंगारशेठ ओरडला. "पुन्हा वाचा!"

मावशीनं पुन्हा वाचलं.